टॉकीजची मागची भिंत

आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत टॉकीजची होती. घर भाड्याचं. बांधणाऱ्यानं मागची भिंत उभारायचा खर्चच केला नव्हता, टॉकीजच्या निजामाच्या काळातल्या जाड दगडी भिंतीलाच पत्रे टेकवून खोली काढलेली. नांदेडच्या जुन्या भागात त्या गल्लीतली सगळीच घरं अशी होती. आमचा स्टोव्ह त्या भिंतीशी, डब्यांची फळी त्याच भिंतीत ठोकलेली. पडद्यावर मारामारी सुरू झाली की फळीवरचे पितळी डबे किणकिणायचे आणि आई पोळी लाटता लाटता उजव्या हातानं तेलाचा डबा मागे सरकवायची. मध्यंतराची घंटा झाली की चहा. शेवटचं मोठं वाजवणं सुरू झालं की आमटीला येसराचं पीठ लावायची वेळ. पाहुणे आले की दचकायचे, आम्हाला शांततेचाच त्रास व्हायचा. शुक्रवारी नवीन पिक्चर लागला की पहिले एकदोन दिवस आईचं मीठ कमीजास्त व्हायचं, कारण कुठे काय वाजतं ते अजून पाठ झालेलं नसायचं.

आई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारच्या खेळाला ती घरी असायची. शेजारी शमीम खाला. त्यांचे यजमान युसूफ चाचा पिंजारी, गाद्या-रजयांचं दुकान बाजारात, आणि खाला घरी बसून गाद्यांच्या खोळी शिवायच्या. दोन्ही घरांच्या मधली भिंत कमरेएवढी. तिच्या एका बाजूला आई तांदूळ निवडत बसायची, दुसऱ्या बाजूला खालांचं मशीन. आणि मग सवाल सुरू व्हायचे.

सवाल म्हणजे पिक्चरमधल्या वाजवण्यावरचा. गाणी त्यात धरत नसत. खाला म्हणायच्या, "गाना तो रेडिओ बता देता, उसमें क्या हुशारी?" सवाल मागच्या संगीताचा, दोन गाण्यांच्या मधे, बोलण्याच्या खाली जे चाललेलं असतं त्याचा. बोलणं आम्हाला कळत नसे, रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसं यायचं. वाजवणं मात्र भिंतीतून घरात यायचं. तेवढ्यावरून ओळखायचं की आत्ता पडद्यावर काय चाललंय.

"बोलो बाई, अब क्या हो रा?"

"बाप मुलीवर रागावलाय."

"नै. बाप इतना लंबा नै रागवता. ये सास है."

आई हसायची, पण मुद्दा सोडायची नाही. दोघींना वाजवणाऱ्यांची नावं ठाऊक नव्हती. नावं पडद्यावर येतात आणि पडदा आमच्या बाजूला नव्हता. म्हणून दोघींनी आपापली नावं पाडली होती. एक होता ढुमढुम्या, जो माणूस नुसता जिना उतरला तरी नगारा वाजवायचा. एक घाईवाला. एक रडका, त्याच्या पिक्चरमध्ये लग्नसुद्धा सुतक असल्यासारखं वाजे. नवीन पिक्चर लागला की पहिल्या खेळाच्या पाच मिनिटांत खाला भिंतीवरून ओरडायच्या, "रडका आया बाई, रुमाल निकालो!" आणि बहुतेक वेळा बरोबर असायच्या.

नियम कडक होते. ज्या पिक्चरवर सवाल टाकला तो बघायचा नाही. ज्यानं बघितला त्यानं तोंड उघडायचं नाही. निकाल गुरुवारी, पिक्चर उतरायच्या आदल्या दिवशी. निकाल देणारे कोंडीबा मामा, टॉकीजचे गेटकीपर, मूळचे उमरीचे, गल्लीच्या टोकाला राहायचे. ते गुरुवारी आमच्या दारात उभ्यानंच बशीत चहा ओतून घेत आणि कोर्टात बोलल्यासारखे सांगत, "बाईचं बरूबर हाय. त्यो बापच. पण खालाचं बी चूक न्हाई, सासू मागं हुबी हाय." त्यांना दोन्ही घरचा चहा टिकवायचा होता.

आम्हाला सिनेमा बघायला बंदी होती असं नाही. वर्षातून एकदोनदा अण्णा, म्हणजे माझे वडील, आम्हाला नदीकडच्या दुसऱ्या टॉकीजला न्यायचे. पण जो पिक्चर भिंतीतून ऐकला तो आत बसून कधी बघितला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

एकच सवाल निकाल न लागता राहिला. मी चौथीत वगैरे असेन. एक पिक्चर आला आणि माणसंच येईनात म्हणून तीन दिवसांत उतरला. त्याचं नाव लिहीत नाही, लिहून कुणाला आठवणारही नाही. नेमके तेव्हा कोंडीबा मामा भाचीच्या लग्नाला उमरीला गेलेले. त्या पिक्चरमध्ये मध्यंतरानंतर, चहा खाली उतरवायच्या सुमाराला, एक तुकडा यायचा. ढुम. मग थांबणं. पुन्हा ढुम, ढुम. जाड तार ओढल्यासारखा एक लांब आवाज, आणि एकदम सगळं बंद. मग परत पहिल्यापासून.

आई म्हणाली, "मयत निघालीये. खांदा बदलायला थांबतात."

खाला म्हणाल्या, "मय्यत ऐसी रुक रुक के नै जाती. ये चोर है. दबे पाँव आ रा, रुक रा, सुन रा."

पिक्चर गेला, भांडण राहिलं. वर्षानुवर्षं राहिलं. आमच्या घरात कुणी एखाद्या गोष्टीवर अडून बसलं की अण्णा पेपरमधून डोकं न काढता विचारायचे, "मयत का चोर?" ईदला खालांकडून शीरखुर्मा आला तेव्हासुद्धा वाटीवरच्या रुमालाबरोबर निरोप असायचा, "बाईको बोल, चोरच था."

मग भूकंप झाला. मी दहावीत होते. नांदेडला भांडी पडली, काही भिंतींना चिरा गेल्या, माणसं रस्त्यावर आली आणि उजाडल्यावर परत घरात गेली. खरं झालं ते तिकडे, लातूरच्या बाजूला, आणि ते काय होतं हे नंतर ट्रकमधून कपडे-धान्य घेऊन गेलेल्या लोकांनी सांगितलं. अण्णांच्या ऑफिसातले दोघं गेले होते. ते मात्र परत आल्यावर आमच्या ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि काही न बोलता उठून गेले. आईनं एवढंच पाहिलं आणि बाकीचं तिनं स्वतः भरून घेतलं.

त्यानंतर आईचे कान बिघडले. म्हणजे फार चांगले झाले. ट्रक गेला की ती उठायची. युसूफ चाचांनी घरी आणून ठेवलेलं पिंजण्याचं मशीन सुरू झालं की उठायची. काही दिवस बंद राहून टॉकीज पुन्हा चालू झाली त्या दुपारी ढुमढुम्याचा पिक्चर होता. पहिलाच नगारा वाजला, फळीवरचे डबे हलले, आणि आईनं स्टोव्ह तसाच टाकून मला दंडाला धरून बाहेर काढलं. तिच्या ओरडण्यानं सगळी गल्ली बाहेर. कोंडीबा मामा मागच्या दारातून धावत आले, काय झालंय ते कळल्यावर त्यांना हसू आवरेना. "आवो बाई, व्हिलन पडलाय व्हिलन! जिमीन न्हाई!" सगळे हसले. आई हसली नाही. त्या दिवसापासून सवाल बंद. दुपारी ती आतल्या खोलीत बसायला लागली, आणि खालांचं मशीन एकटंच चालायचं.

माझा दहावीचा निकाल चांगला लागला. त्या वर्षांत चांगला निकाल म्हणजे लातूर हे सरळ होतं. भूकंप होऊन वर्ष झालेलं नव्हतं, पण अकरावी-बारावीसाठी पोरांचे लोंढे तिकडेच चालले होते. पहाटेचे क्लास, रोजची परीक्षा, चाळणी लावून केलेल्या तुकड्या. मला जायचं होतं. डॉक्टर व्हायचं ही तळमळ वगैरे नव्हती, मला ज्या ठिकाणी सगळे अभ्यास करतात त्या ठिकाणी बसायचं होतं. आमच्या भिंतीशी बसून मला सदोदित मारामारीत प्रमेयं सोडवायचा कंटाळा आला होता. तिथल्या कॉलेजच्या यादीत नाव लागलं. शनिवारपर्यंत जाऊन प्रवेश घ्यायचा, नाहीतर जागा पुढच्याला.

अण्णांची हरकत नव्हती. आईची होती.

"जमीन हलून राहिली अजून तिथं. लेकरू कशाला पाठवू? नांदेडला कॉलेज नाहीत का?"

"इतकी मुलं जातात, आई."

"त्यांच्या आयांना विचार."

अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी ऑफिसात साहेबाशी भांडू शकतो. तुझ्या आईशी नाही. तुझं तू बघ." तो सोमवार होता.

मंगळवारी सकाळी कोंडीबा मामा न बोलावता आले. केबलमुळे टॉकीजचा धंदा बसला होता, मालक सकाळच्या खेळाला स्वस्तातल्या जुन्या प्रिंटा आणून लावत होता. मामांनी चपला काढल्या, आत आले, भिंतीला हात लावून उभे राहिले. "बाई, तुमचा त्यो आलाय. मयत का चोर. उद्यापसून लागतोय."

आई म्हणाली, "लागू दे."

पण पलीकडचं मशीन थांबलं होतं. खालांचं डोकं भिंतीवर आलं. "नियम तोडेंगे बाई. अंदर जाके देखेंगे. इतने साल हो गये, अब फैसला होना."

"मला नाही यायचं."

"सुनो तो. चोर निकला तो छोरी लातूर जायेगी."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "आणि मयत निघाली तर?"

"तो मैं खुद उसको बोलूंगी, नांदेड में बैठ. फिर कभी नाम नै लूंगी लातूर का."

हे दोघींनी माझ्यादेखत ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. आई हो म्हणाली, कारण तिला मयतीबद्दल तिळमात्र शंका नव्हती. मीही त्या रात्री अंथरुणात तो तुकडा मनात वाजवून बघितला आणि मलाही मयतच ऐकू आली. मी खालांवर चिडले. माझं कॉलेज त्यांनी एका चोरावर लावलं होतं.

बुधवारी आईनं शाळेत अर्धी रजा टाकली. कोंडीबा मामांनी आम्हाला बायकांच्या बाकांवर पंख्याखाली बसवलं, स्वतः दाराचा पडदा धरून उभे राहिले. आत वीसेक माणसं, त्यातली निम्मी झोपायला आलेली. मला पहिली गोष्ट जाणवली ती ही की भिंतीची आतली बाजू हिरवी होती आणि तिच्यावर पोपडे धरले होते. आमचा स्टोव्ह तिथे, त्या खांबाच्या मागे असणार, असा मी अंदाज बांधत बसले. पहिला अर्धा भाग कशाबद्दल होता ते मी विसरले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मध्यंतरात मामांनी आणलेला चहा तिनं हातात धरून थंड केला.

मध्यंतरानंतर पडद्यावर एक अंगण आलं. तुळस, खाट, खाटेवर म्हातारा. मी म्हटलं, मेला हा. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा. पण म्हातारा शेंगा फोडत होता. खाटेच्या कडेला धरून एक रांगतं पोर उभं राहिलं. त्यानं हात सोडला, एक पाऊल टाकलं.

ढुम.

थांबलं. डुललं. पुन्हा दोन पावलं, ढुम, ढुम. मग तोल जायला लागला आणि तोच जाड तार ओढल्यासारखा लांब आवाज, आणि पोर बुडावर आपटलं, सगळं बंद. घरातली माणसं हसली. पोर परत उठलं. परत पहिल्यापासून.

पण हे एवढंच नव्हतं. त्या ढुमच्या वर बासरी होती. पोराच्या प्रत्येक पावलाबरोबर वर उड्या मारणारी, थट्टा करणारी बासरी, आणि तिच्याही वर पैंजणाच्या घुंगरांसारखं काहीतरी बारीक. ती आम्ही कधीच ऐकली नव्हती. दगडाच्या भिंतीनं नगारा आणि जाड तारा आमच्याकडे सोडल्या होत्या, बासरी आणि घुंगरं आतच ठेवून घेतली होती. गाण्यांचं वरचं रेडिओनं आधीच कानात भरलेलं असायचं, म्हणून कधी शंका आली नाही. मागच्या वाजवण्याचं वरचं भरायला कुणीच नव्हतं. ते आम्ही आमच्या मनानं भरलं. आईनं मयत भरली, खालांनी चोर. आणि हॉल भरलेला असता तर निदान हसणं तरी भिंतीतून आलं असतं, पण त्या पिक्चरला माणसं नव्हती.

खाला आधी हसल्या. तोंडावर दुपट्टा घेऊन, खांदे हलवत. "या अल्ला, बच्चे को चोर बना दिया मैंने."

आई हसली नाही. ती पडद्याकडेही बघत नव्हती. मान वळवून ती भिंतीकडे, आमच्या स्वयंपाकघराच्या बाजूला बघत होती, पिक्चर संपेपर्यंत.

घरी येताना माझ्या डोक्यात फक्त हिशोब चालू होता: चोर नाही, मयत नाही, मग माझं काय? मी खालांना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "मैं भी हार गयी, बेटा. अब तेरी अम्मी जाने." आईनं घरी येऊन भात टाकला. अण्णा जेवायला बसल्यावर म्हणाले, "मयत का चोर?" आई म्हणाली, "लेकरू होतं, चालायला शिकत होतं." अण्णांचा घास हातात राहिला.

गुरुवारी शाळेतून आल्यावर आईनं धपाटे केले, जाड, प्रवासाला करतात तसे. मला म्हणाली, "कागद घे तुझे. पहाटेच्या गाडीनं जाऊ. मी बघणार आहे. मग सांगते."

ती लातूर बघायला आली, मला पोचवायला नव्हे, हे तिनं एसटीत दोनदा बजावलं. स्टँडवर उतरल्यापासून ती कान टवकारून चालत होती. भिंतींवर क्लासच्या जाहिराती, एकावर एक चिकटवलेल्या, दप्तरं घेतलेल्या पोरींचे घोळके, काही घरांच्या अंगणात अजून ताडपत्र्या ताणलेल्या आणि त्यांच्याखाली खाटा. एका बाईकडे मुलींसाठी खोल्या होत्या. जाड, कामात असलेली बाई, हाताला पीठ. तिनं सांगितलं, "पत्र्याच्या खोल्या भरल्या. आता समदे पत्राच मागतेत, आई-बाप आल्या आल्या वर बघतेत. एकीत जागा निघंल, शिरूर अनंतपाळची पोरगी हाय, तिच्यासंगं ऱ्हावं लागंल."

आईनं विचारलं, "हलतं का अजून?"

"हलतंय की."

"मग काय करता?"

"भाईर येतो. थांबलं की आत जातो. तव्यावर भाकर असती, बाई, ती करपून कसं चालंल?"

आई त्या खोलीत गेली. शिरूरची मुलगी, मंजुळा, पलंगावर मांडी घालून गणितं करत होती. आईनं विचारलं, "तुमच्याकडं घर...?" मंजुळा म्हणाली, "एक भिंत गेली, काकू. बाकी हाय." आणि परत गणिताकडे वळली. आई दारात बराच वेळ उभी होती. स्वयंपाकाचा धूर, नळाचं पाणी, पलीकडच्या खोलीत कुणीतरी मोठ्यानं रसायनशास्त्र घोकत होतं, अंगणात दोन मुली वेणी घालता घालता भांडत होत्या. मग आईनं कागद माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "चल, कॉलेज बंद व्हायच्या आत."

पुढची दोन वर्षं मी तिथे काढली. डॉक्टर झाले नाही, औषधशास्त्र केलं, आणि गेली पुष्कळ वर्षं नांदेडमध्येच औषधांचं दुकान चालवते. माझ्या लातूरच्या वर्गातली निम्मी मुलं डॉक्टर झाली आणि त्यांच्याच चिठ्ठ्या माझ्या दुकानात येतात. अक्षरं तशीच आहेत. टॉकीज गेली. त्या जागी आता क्लासची चारमजली इमारत आहे, बारावीच्या मुलांचे माईकवरून तास चालतात. खालांच्या सुनेला विचारलं तर म्हणते, भिंतीतून सर काय शिकवतात ते कळत नाही, फक्त रागावलेत एवढं कळतं. मी तिला म्हटलं, रागावलेले असतीलच असं नाही.

लातूरला गेल्यावर पावसाळा संपता संपता एकदा चांगलंच हललं. आम्ही सगळ्या बाहेर पळालो. कुणाला काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं, म्हणजे नांदेडला कळलं. रविवारी सकाळी मी लातूरहून आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या एसटीडी बूथवर फोन लावायची आणि आई तिथे येऊन थांबलेली असायची. त्या रविवारी पहिल्या रिंगला उचलला. मी मनात तयारी केली होती, आता म्हणणार, सामान बांध.

"हललं म्हणतात," आई म्हणाली.

"हो."

"आवाज कसा होता?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "ट्रक गेल्यासारखा. खालून. बराच वेळ."

बूथमध्ये मागे खालांचा आवाज येत होता, पूछो ना, पूछो. मग आईनं विचारलं, "आणि वर काय होतं?"

मला एक क्षण कळलं नाही. मग ती बासरी आठवली. मी आठवून सांगायला लागले. मंजुळा केसांना फेस लावलेला तसाच घेऊन न्हाणीतून धावत आली, डोळ्यांत साबण, कुणाला तरी धडकली आणि तिलाच शिव्या घातल्या. मांडणीवरून ताटं घरंगळली, एक ताट अंगणभर गोल फिरत राहिलं, जमीन थांबली तरी थांबेना, आणि त्यावरून सगळ्याजणी हसायला लागल्या. घरमालकीण भाकरीचं उलथनं हातात घेऊन बाहेर आली होती, ती म्हणाली, हसा, हसा, माझी भाकर गेली. समोरच्या क्लासमधल्या सरांनी पोरांना मैदानात आणून तिथेच उभ्यानं उदाहरण पुढे चालू केलं.

आई ऐकत होती. माझ्या इथल्या बूथचा मीटर टिकटिकत होता.

"बरं," ती म्हणाली. "मंजुळाला सांग, साबण डोळ्यातून नीट धुवायचा. अभ्यास कर."

आणि तिनं फोन ठेवला.